निमतानदार काका

काही माणसांना तुम्ही काय सांगताय ते ऐकू येतच नाही; तुम्ही कुठला शब्द वापरलात तेवढंच ऐकू येतं. तुम्ही घाबऱ्याघुबऱ्या सांगत असता, की सासऱ्यांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. समोरचा माणूस डोळे बारीक करतो आणि म्हणतो, “दवाखाना. दवा अरबी, खाना फारसी. बरं, पुढं?” हे ‘पुढं’ सासऱ्यांच्या तब्येतीसाठी नसतं. तुमच्या पुढच्या वाक्यात आणखी एखादा शब्द सापडतो का, याची ती वाट असते.

असा माणूस प्रत्येक गावात एक असतो. दोन असले तर ते एकमेकांशी बोलत नाहीत. साताऱ्यात आमच्या सोसायटीत तो पहिल्या मजल्यावर राहतो आणि त्याला सगळे निमतानदार काका म्हणतात.

निमतानदार हे आडनाव नव्हे, हुद्दा आहे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक जमीन मोजतो आणि त्याची मोजणी बरोबर आहे की नाही हे निमतानदार तपासतो. दुसऱ्याच्या कामातली चूक काढायचा सरकार काकांना पगार देत होतं. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम चालू राहिलं. फरक एवढाच, की आता गुंठ्यांच्या जागी शब्द आले.

पद्धतही जुनीच राहिली. काकांच्या लेखी प्रत्येक शब्दाला सातबारा असतो. मूळ खातेदार कोण, वारस किती, फेरफार कधी झाला, इतर हक्कात कोण घुसलं आणि अतिक्रमण कोणाचं, हे सगळं तपासल्याशिवाय ते शब्द तोंडात घालत नाहीत. त्यांच्या खोलीत दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती पुनर्मुद्रणात आहे, कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आहे आणि या सगळ्यांच्या वर, हात पुरणार नाही अशा फळीवर, काकूंनी ठेवलेली लोणच्याची बरणी आहे. काकूंच्या मते खोलीत उपयोगाची वस्तू तेवढीच.

तर या निमतानदार काकांनी निवृत्तीनंतर मराठी सोडून एका इंग्रजी क्रियापदाची मोजणी मांडली. क्रियापद साधं. शाळेत सगळ्यांचं आवडतं. टू सेट, सेट, सेट. तिन्ही रूपं सारखी, त्यामुळे तर्खडकरांची पाठमाला घोकताना ज्यांच्या पोटात गोळा यायचा त्यांनासुद्धा ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’ आणि ‘सेट’ ही चार भावंडं घरच्यासारखी वाटायची. ही रूपं सारखी का, हे मात्र मास्तरांनी कधी सांगितलं नाही. काका सांगतात: पूर्वी ती वेगळी होती, जुन्या इंग्रजीत शेवटी प्रत्यय होते, बोलता बोलता ते झिजले आणि तिन्ही रूपं एकाच मापाची झाली. “बांध झिजले,” काका म्हणतात, “आणि तीन पोटहिस्से एक झाले.”

सेटच का? याचं कारण खात्यातच आहे. काकांच्या खात्याचे सर्वांत मोठे साहेब पुण्यात बसतात. मराठीत ते जमाबंदी आयुक्त, इंग्रजीत सेटलमेंट कमिशनर. पाकिटांवर, परिपत्रकांवर, कारणे दाखवा नोटिशीवर आयुष्यभर काकांनी हा शब्द वाचला. आणि आयुष्यभर त्यांना एकच प्रश्न पडला, की जमीन तर जागच्या जागीच असते, मग तिला सेटल कशाला करायचं? साहेबांना विचारायची सोय नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोश उघडला. सेटलमेंट म्हणजे साऱ्याची रक्कम एकदाची ठरवून टाकणं, हा अर्थ दोन मिनिटांत सापडला. पण ‘सेटल’च्या मागे जुन्या इंग्रजीतलं ‘सेट्ल’ म्हणजे आसन निघालं, त्याच वाड्यात ‘सेट’ राहताना दिसला, आणि काका त्या वाड्यात शिरले ते अजून बाहेर आलेले नाहीत.

आत मुक्काम करण्याजोगं होतंही बरंच. १९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या, वीस खंडी आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ दिले आहेत. नोंद जवळपास साठ हजार शब्दांची. तीन अक्षरी शब्दाला एका कादंबरीएवढी जागा! काकांनी ही संख्या ऐकली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, नकाशात नसलेला सर्व्हे नंबर सापडल्यासारखा आनंद होता.

त्यांनी गॅलरी पत्रे लावून बंद करून घेतली. त्यामागेही आधार आहे. या कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डला घराच्या बागेत पत्र्याची शेड उभारली होती. तिला ते ‘स्क्रिप्टोरियम’ म्हणत. तिथे कागदाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे यायचे. एकेका चिठ्ठीवर एक शब्द आणि तो वापरलेलं एक वाक्य. मरे यांना अकरा मुलं. ती चिठ्ठ्या लावायला बसायची आणि खाऊचे पैसे मिळवायची. काम १८७९ साली मरे यांच्या हाती आलं तेव्हा दहा वर्षांत संपेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ साली पहिला भाग निघाला तेव्हा गाडी ‘अँट’पर्यंत आली होती, म्हणजे मुंगीपर्यंत, आणि मुंगीच्याच वेगाने. कोश पुरा झाला १९२८ साली. तोपर्यंत मरे जाऊन तेरा वर्षं झाली होती. सरकारी कामाला उशीर होतो म्हणून काकांना आयुष्यभर बोलणी बसली. त्यामुळे हा तपशील ते फार सावकाश, चवीने सांगतात.

मरे यांच्याविषयी त्यांना आदर आहे, प्रेम मात्र हेन्री ब्रॅडलीवर. कारण ‘सेट’ची नोंद ब्रॅडलीच्या वाट्याला आली आणि हा ब्रॅडली आधी शेफील्डला सुऱ्या-कात्र्यांच्या कंपनीत वीस वर्षं कारकून होता. कारकुनाने हे काम केलं, हे सांगताना काकांची मान ताठ होते.

काकूंना या सगळ्या इतिहासातला एकच भाग आवडतो. कोशासाठी हजारो चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांमध्ये डॉ. मायनर नावाचे एक गृहस्थ होते आणि ते ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात बंदिस्त होते. पाहुणे आले आणि काकांनी गॅलरीचा दरवाजा उघडला, की काकू चहाचा ट्रे ठेवता ठेवता विचारतात, “अहो, त्या मायनर डॉक्टरांचं सांगितलंत का?”

*

काकांची पहिली जाहीर मोजणी गणपतीच्या बैठकीत झाली. सचिवांनी साधा प्रश्न केला होता, “यंदा गणपती कुठं बसवायचा?” पार्किंगमध्ये की गच्चीवर, एवढाच निर्णय हवा होता. काका उभे राहिले.

“सचिवसाहेबांनी अत्यंत महत्त्वाचं क्रियापद वापरलं आहे,” ते म्हणाले. “बसणे आणि बसवणे. इंग्रजीत सिट आणि सेट. सेट म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, बसवणे. जुन्या इंग्रजीत सिट्टन म्हणजे बसणे आणि सेट्टन म्हणजे बसवणे. आपण मधे ‘व’ घालतो, त्यांनी स्वर बदलला. आपणही कधीकधी स्वरच बदलतो. पडणे, पाडणे. मरणे, मारणे. इंग्रजीतही झाड फॉल होतं आणि माणूस ते फेल करतो.”

“काका, पार्किंग की गच्ची?”

“येतो त्याच्यावर. या दोघांचा मूळ पुरुष आपल्याकडेही आहे. संस्कृतात सद् म्हणजे बसणे आणि सादयति म्हणजे बसवतो. संस्कृतातला ‘द’ इंग्रजीत ‘ट’ होतो. दश, टेन. द्वौ, टू. दन्त, टूथ. याकोब ग्रिमने १८२२ साली हे नियमात बसवलं.” इथे काका थांबले. ‘नियमात बसवलं’ हे आपल्याच तोंडून निघालेलं पाहून त्यांना भरून आलं होतं.

मग धातूचे वारस आले. परिषद, संसद, सदन, उपनिषद, प्रसाद, सगळे सद् धातूचे. पक्ष्याचं घरटं म्हणजे नीड, खाली बसण्याची जागा. इंग्रजी नेस्ट हा त्याचा सख्खा भाऊ. चुलीवरची काजळी, इंग्रजीत सूट, हीसुद्धा ‘बसलेली’ म्हणून सूट. सर्वांत मजा कोर्टात. आपण सत्र न्यायालय म्हणतो, इंग्रजीत सेशन्स कोर्ट. सेशन लॅटिनमधून आलं, सत्र संस्कृतातून, आणि दोघांच्या मुळाशी तेच बसणं. “भाषांतर करणाऱ्याने,” काका म्हणाले, “एका भावाच्या जागी दुसरा भाऊ उभा केला. आणि बसवला.”

खालून कोणीतरी हळूच म्हणालं, “काकांना बसवा.”

प्रामाणिकपणा हा काकांचा गुण आहे आणि तोच ऐकणाऱ्याच्या जिवावर येतो. एवढं सगळं सांगून ते म्हणाले, “परंतु मराठी ‘बसणे’ हे सद् धातूचं नाही. ते उपविश् वरून आलं. तेव्हा सेट आणि बसवणे यांचं रक्ताचं नातं नाही, फक्त कामाचं आहे. याची इतिवृत्तात नोंद व्हावी.” इतिवृत्तात नोंद झाली. गणपती कुठे बसवायचा याची झाली नाही. शेवटी मुलांनीच तो पार्किंगमध्ये बसवला.

पण सांगणाऱ्याला कंटाळून सांगणं टाकून देण्याइतकं ते वाईट नव्हतं. नंतर जिना चढताना मी मनात घोळवत होतो. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, दात बसवतो, नळ बसवतो, कर बसवतो, घडी बसवतो. इंग्रजीत यातल्या बऱ्याच ठिकाणी सेट चालेल. ४३० अर्थ म्हणजे काही ४३० चमत्कार नव्हेत. एखादी वस्तू, माणूस, नियम किंवा रक्कम तिच्या जागी बसवायची, एवढं एकच काम. जागा बदलतात, म्हणून अर्थ वाढतात.

*

सचिवांचं आणि काकांचं बिनसलं ते मात्र वेगळ्या सेटवरून. सोसायटीसाठी नवीन टी-सेट घेतला होता. काकांनी कप उचलला, बशीकडे पाहिलं आणि म्हणाले, “हा तो सेट नव्हे.”

सचिव दचकले. “पावती आहे, काका.”

“सेट म्हणजे संच. हा शब्द बसण्यातला नाही. हा जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन सेक्टा, म्हणजे एकाच्या मागून जाणारे लोक, पंथ. पुढे दोन सेट एकाच उच्चाराचे झाले, सरमिसळ झाली, आणि कोणाचा कोणता हे कोणी पाहिलं नाही. दोन वेगळी कुटुंबं, एकच नाव, शेजारी शेजारी गट नंबर. असं झालं की वाद होतोच.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आणि सेक्टाच्या मुळाशी जो धातू आहे तो संस्कृतात सच्. म्हणजे सोबत असणे. त्यावरून सचिव. म्हणजे तुमचा हुद्दा आणि हा टी-सेट, दोघं चुलत चुलत भाऊ.”

हे काकांनी कौतुकाने सांगितलं होतं. सचिवांनी ते तसं घेतलं नाही. पुढच्या महिन्याच्या देखभाल शुल्काच्या थकबाकीदारांच्या यादीत काकांचं नाव पहिलं होतं.

बाहेरच्या जगाशी काकांचे असे प्रसंग रोज होतात. हॉटेलात सेट डोसा मागवला, तर तीन डोशांपैकी पहिला तोडण्याआधी ते सोबत आलेल्याला सांगतात, की हा सेट टी-सेटच्या घराण्यातला. सेट-टॉप बॉक्स बंद पडला आणि दुरुस्तीवाला मुलगा आला, तर त्याला स्टूल द्यायच्या आधी विचारतात, “बॉक्स सेटच्या वर ठेवायचा म्हणून सेट-टॉप. पण आता टीव्ही भिंतीला आणि बॉक्स खाली. मग नाव बदलायला नको?” मुलगा म्हणतो, “काका, रिमोट द्या.” प्राध्यापकीची ‘सेट’ परीक्षा पास झालेली भाची पेढे घेऊन आली, तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि खेदाने सांगितलं, की हा सेट शब्दच नाही, तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत, याला मूळ नाही. भाचीला वाटलं, काकांना निकाल आवडला नाही.

संध्याकाळी ते चार भिंतींपर्यंत फिरायला जातात. यवतेश्वरच्या डोंगरामागे सूर्य जायला लागला की लोक मोबाइल काढतात. काका त्या वेळी माणूस शोधतात. “सनसेट,” ते सुरू करतात. “जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला एक शब्द होता, सेट्लगांग. सेट्ल म्हणजे आसन, गांग म्हणजे जाणं. त्यांचा सूर्य आसनावर जातो. आपला कुठं जातो? अस्ताला. वेदांत अस्त म्हणजे घर. आपला सूर्य घरी जातो.” मी हे ऐकलं त्या दिवशी खरोखर थांबलो. पण काकांना श्रोता थांबलेला कळत नाही. ते लगेच टेनिसच्या सेटवर गेले आणि तोवर सूर्य घरी पोचला होता.

*

या माणसाच्या घरी एक शब्द बोलायचा नाही असा अलिखित नियम आहे. तो शब्द म्हणजे ‘सेटल’. काकांचा मुलगा पुण्यात असतो. त्याने नोकऱ्या बदलल्या, घरं बदलली, लग्नाचं अजून पाहू म्हणतो. नातेवाईक फोन करतात आणि विचारतात, “मुलगा सेटल झाला का?” काकू फोन लांब धरतात, कारण पलीकडून प्रश्न आला की अलीकडे उत्तर सुरू होतं: सेटल म्हणजे मुळात आसनावर बसवणे, त्या अर्थाने पाहता चिरंजीव दिवसाचे दहा तास संगणकापुढे खुर्चीत बसलेले असतात, तेव्हा तो सेटलच आहे.

मुलगाही बापाचाच. एकदा घरी आला असताना समोर इमारतीचं काम चालू होतं. तो म्हणाला, “बाबा, भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटला सेट व्हायला लागायचं ते तीस मिनिटांच्या आत लागू नये, आणि पूर्ण सेट व्हायला सहाशे मिनिटांच्या पुढे जाऊ नये. फार लवकर सेट झालं तर काम करायला वेळ मिळत नाही. माझं तसंच आहे.” काकांनी हे वाक्य चिठ्ठीवर उतरवून घेतलं. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

खरी गाठ काकूंशीच आहे. काकू फार शिकलेल्या नाहीत, पण नवऱ्याच्या विद्येतलं नेमकं कुठलं टोक धरून ओढलं की सगळं विणकाम उसवतं हे त्यांना ठाऊक आहे. काकांचा लाडका सिद्धांत असा, की शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा अर्थ. नंतरचे सगळे अर्थ म्हणजे अतिक्रमण. एके दिवशी सकाळी काकू म्हणाल्या, “आज मी अपसेट आहे. माझ्याशी बोलू नका.”

काका बोलले. “अगं, अपसेट हा शब्द तू चुकीचा वापरतेस. पंधराव्या शतकात अपसेट म्हणजे उभं करणं, उभारणं. उलथवणं हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला आणि मन बिघडणं तर त्याच्याही मागून. लिलावाच्या नोटिशीत अपसेट प्राइस छापतात ना, ती बघ. बोली जिथून उभी राहते ती किंमत. तो जुना, खरा अर्थ.”

“म्हणजे अपसेट म्हणजे उभं राहणं?”

“उभं करणं.”

“मग मी तुम्हाला अपसेट करते. उठा आणि भाजी आणा.”

काका मेथी घेऊन आले तेव्हा काकूंचा दुसरा मुद्दा तयार होता, आणि तो व्याकरणातला नव्हता. काकूंचे वडील कूळ होते. कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला आणि जी जमीन ते पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावर कसत होते ती त्यांच्या नावावर लागायची वाट मोकळी झाली. निमतानदारांशी लग्न ठरलं तेव्हा जावई जमिनीच्या खात्यातला आहे, याचंच त्यांना कौतुक होतं.

मेथी निवडता निवडता काकू म्हणाल्या, “तुमच्या न्यायाने पाहिलं तर आमची जमीन अजून इनामदाराचीच. मूळ मालक तो. आमचे वडील म्हणजे अतिक्रमण.”

“तसं नाही. कायद्याने…”

“कायद्याने काय म्हटलं? कसेल त्याची जमीन. मग शब्दाचं वेगळं का? बोलेल त्याचा शब्द.”

आयुष्यभर दुसऱ्यांची मोजणी तपासलेल्या माणसाची मोजणी त्या दिवशी मेथीच्या जुडीसमोर तपासली गेली. काका गॅलरीत गेले आणि जेवायची हाक येईपर्यंत बाहेर आले नाहीत.

*

त्यानंतरचा धक्का ऑक्सफर्डहूनच आला. कोणीतरी त्यांना सांगितलं, की सेटचं राज्य गेलं. कोशाची तिसरी आवृत्ती तयार होते आहे, तिचं काम ‘एम’ या अक्षरापासून सुरू झालं, आणि जुन्या नोंदी नव्याने मोजताना २००० साली ‘मेक’ पुढे गेलं, २००७ साली ‘पुट’, आणि २०११ साली ‘रन’ने सगळ्यांना मागे टाकलं. ‘रन’चे ६४५ अर्थ! ती एक नोंद करायला पीटर गिलिव्हर या संपादकाला नऊ महिने लागले.

काकांनी बातमी दोनदा वाचली. तोवर ही बातमीही बरीच जुनी झाली होती, म्हणजे त्यांनी अभ्यास सुरू केला तेव्हाच सेट गादीवरून उतरलेला होता आणि ते माजी राजाच्या दरबारात मुजरे करत होते. मला वाटलं, आता हे आजारी पडणार. पण त्यांनी कारण शोधून काढलं. ‘एम’पासून सुरू झालेल्या मोजणीत ‘एस’ नंतर येतो; सेटची फेरमोजणी व्हायची बाकी आहे. “फेरमोजणीत क्षेत्र वाढतं,” ते म्हणाले. “माझा अनुभव आहे.” आणि मग, कधी नव्हे ते, त्यांनी मला उलटा प्रश्न विचारला, “हे अर्थ वाढवतं कोण?”

मी म्हटलं, “संपादक.”

“नाही. संपादक फक्त नोंद घेतो, तलाठ्यासारखा. जमीन कसतात लोक.” काकूंचं नाव त्यांनी घेतलं नाही. नवरे घेत नाहीत.

तेव्हापासून काकांच्या वागण्यात फेरफार झाला आहे. पूर्वी ते लोकांना अडवत. आता ऐकत उभे राहतात. पानाच्या टपरीवर एक जण दुसऱ्याला सांगत होता, “दाखल्याचं टेन्शन घेऊ नको, आपली तिथं सेटिंग आहे.” जुने काका असते तर त्या माणसाची धडगत नव्हती. नव्या काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. सलूनमध्ये केस सेट करतात, क्रिकेट पाहणारा म्हणतो बॅट्समन सेट झाला होता रे, कॉलेजातली मुलं दोन डोक्यांकडे बोट दाखवून म्हणतात ‘त्यांचं सेट आहे’, मुलीचा बाप म्हणतो कन्या अमेरिकेत सेट झाली. काका टिपतात. यातले किती अर्थ इंग्रजांना ठाऊक आहेत, हा प्रश्नच नाही. हे अर्थ साताऱ्यात पिकलेले आहेत आणि पिकवणारे इथेच राहतात.

गॅलरीतल्या खोक्यात वरच असलेली एक चिठ्ठी मी वाचली आहे. अक्षर सरकारी, वळणदार. “सेटिंग. नाम, स्त्रीलिंगी. ओळखीच्या बळावर काम होण्याची सोय. मूळ: इं. सेट, बसवणे. इथे बसवला गेला आहे तो माणूस, योग्य जागी. अर्थ बरोबर.” खाली निमतानदाराची सही. तपासून बरोबर म्हटलेली ती बहुधा त्यांची पहिलीच मोजणी असेल.

काकांच्या छंदाला इंग्रजीत ऑब्सेशन म्हणतात. तो शब्दही याच वाड्यातला: लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता समोर ठाण मांडून बसणे, किल्ल्याला वेढा घालून बसतात तसं. निदान या बाबतीत मूळ अर्थ आणि आजचा अर्थ यांच्यात तसूभरही फरक पडलेला नाही, हे काकूही मान्य करतात.

अशा माणसांना आपण टाळतो, आणि ते बरंच शहाणपणाचं असतं. तरी एक गोष्ट खरी. आपण दिवसभर जे बोलतो ते ऐकणारं घरात कोणी नसतं. हा माणूस निदान एकेक शब्द तरी ऐकतो. त्याचा जुना सिद्धांत मात्र घेऊ नये. शब्दाचं मूळ जरूर विचारावं, त्याच्या मुळावर उठू नये. कारण जमीन कसेल त्याची, तसा शब्द बोलेल त्याचा. तुमच्या सोसायटीतही एक निमतानदार असेल. कधी वेळ काढून त्याला एखादा शब्द विचारा. विचारण्याआधी फक्त एवढं पाहा, की गॅसवर दूध ठेवलेलं नाही.